जांभळ्या गोंड्याची हौस

पावसाचा जोर ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एका फुलाची विचारणा हमखास असते. उंच, सरळ, पाने नसलेली दांडी आणि तिच्या टोकावर जांभळ्या चांदण्यांचा भरगच्च गोळा. कुणी परदेशातल्या बागेत पाहिलेला असतो, कुणी लग्नाच्या सजावटीत, बहुतेकांनी मोबाइलवर. याला काय म्हणतात आणि हे आपल्याकडे लागेल का, असे दोन प्रश्न असतात. पहिल्याचे उत्तर एका शब्दाचे आहे. त्याचे नाव ॲलियम. दुसऱ्यासाठी हे पान.

ॲलियम हे नाव परके वाटले तरी घराणे अगदी ओळखीचे आहे. कांदा, लसूण, पातीचा कांदा, काश्मिरी वाजवानात पडणारा छोटा ‘प्राण’ कांदा, हे सगळे ॲलियमच. या घराण्यात ९०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या काही आपण खातो, काही केवळ फुलांसाठी लावल्या जातात. फुलांसाठीच्या मोठ्या जातींचे मूळ इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातल्या डोंगरांत आहे. बाबर बादशहाने काबूलजवळच्या डोंगरउतारांवरचे ट्यूलिप मोजून घेतले, तेव्हा तीसहून अधिक प्रकार निघाले, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. गोळ्यासारखी फुले देणारे रानटी कांदेही अशाच मुलखातले. हिवाळाभर बर्फाखाली झोपायचे, बर्फ वितळले की उगवायचे, उन्हाळा कडक व्हायच्या आत फुलून पुन्हा जमिनीत विसावायचे आणि कोरड्या मातीत उन्हाळा काढायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आज बाजारात मिळणारे बहुतेक शोभेचे कांदे हॉलंडमध्ये तयार होतात, तरी सवय तीच राहिली आहे. ‘जायगँटियम’ ही जात दीड मीटरपर्यंत उंच होते. ‘पर्पल सेन्सेशन’ कमरेपर्यंत येते. ‘ग्लोबमास्टर’चा गोळा तर लहान मुलाच्या डोक्याएवढा होतो.

आता हा कांदा उमरोळीत आणून लावला तर काय होईल, ते पाहू. पालघर आणि बोईसर यांच्या मधले आमचे हे स्टेशन. समुद्र जवळ, भोवती भातखाचरे, आणि आता त्या खाचरांच्या कडेने उभ्या राहणाऱ्या इमारती. जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की कुंडीतली माती आठ-आठ दिवस वाळत नाही. जानेवारीत पहाटे शाल लागते खरी, पण पारा साधारण १५-१६ अंशांच्या आसपासच थांबतो, आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. शोभेच्या मोठ्या ॲलियमला सलग दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ १० अंशांच्या खालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर कांद्याच्या पोटात फुलाची दांडी तयारच होत नाही, किंवा झाली तरी वर येत नाही. पाने येतात, कारण पानांपुरती शिदोरी कांद्यात आधीच असते. मग मार्चमध्ये पाने पिवळी पडतात, आणि पहिल्या पावसात उरलेला कांदा कुजतो.

याच भागातल्या एका घरी असेच झाले. घरच्या सुनेने ईदला मिळालेल्या पैशांतून ऑनलाइन सहा कांदे मागवले. एकेका कांद्याच्या किमतीत घरचा आठवड्याचा कांदा सहज आला असता. तिने माती चांगली केली, पाणी वेळेवर दिले, हिरवी पाने पाहून शेजारणींना बोलावून दाखवली. फूल आले नाही. तेव्हापासून घरात बोलले जाऊ लागले, की हिच्या हाताला गुण नाही, झाड लावावे तर सासूबाईंनीच. आम्हाला हे वाचून वाईट वाटले ते पैशांपेक्षा या शेऱ्याचे. त्या मुलीच्या हातात काहीही वावगे नव्हते. काश्मीरच्या झाडाला कोकणात उभे केले आणि ते फुलले नाही, यात लावणाऱ्याचा दोष कसला? विकणाऱ्याने मात्र ‘भारतातील सर्व हवामानांत येते’ असे पाकिटावर छापले होते. ते पाकीट त्या सासूबाईंना एकदा दाखवावे, एवढेच आम्ही त्या घराला कळवले आहे.

बियांच्या पाकिटांबद्दलही दोन शब्द. शोभेच्या ॲलियमचे बी मिळते, पण मोठ्या जातींना बियापासून फुलापर्यंत यायला तीन ते पाच वर्षे लागतात, तीही थंड मुलखात. निळ्या फुलांची एक जात खरोखर आहे. पण एकाच गोळ्यात सात रंग दाखवणारा फोटो दिसला, की तो रंग कुंडीत नाही, छापखान्यात चढवला आहे, असे समजावे आणि पैसे पाकिटातच राहू द्यावेत.

ज्यांना तरीही हट्टाने एकदा करून पाहायचेच आहे त्यांच्यासाठी: ऑगस्टमध्ये कांदे मिळाले तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवावेत आणि थंडीच्या तोंडावर लावावेत. फूल येईलच असे नाही. फ्रिज थंडी देतो, पण नंतरचा हळूहळू चढणारा गार वसंत तो देऊ शकत नाही, आणि आपल्याकडे मार्चमध्येच उन्हाळा चढतो. फूल आले तरी दुसऱ्या वर्षासाठी कांदा उरत नाही. एका फुलासाठी एवढा खर्च आम्ही करणार नाही.

मग काय करावे? आमचे उत्तर ऐकून काहींना हसू येते. स्वयंपाकघरातल्या टोपलीत हात घाला.

शेतकऱ्याच्या कांद्याच्या पिकात कधी कधी मधूनच एखादी पोकळ, मध्ये फुगीर दांडी वर येते. तिला डेंगळा म्हणतात. डेंगळा आलेला कांदा टिकत नाही, त्याला बाजारात भाव येत नाही, म्हणून शेतकरी त्यावर वैतागतो. पण त्याच डेंगळ्याच्या टोकावर जो गोंडा फुलतो, तो नीट पाहिला आहे का? एका गोंड्यात शेकडो बारीक पांढऱ्या चांदण्या, प्रत्येकीच्या पाठीवर हिरवी रेघ, आणि सगळ्या मिळून एक गोल. रंग सोडला तर तो त्या जांभळ्या गोळ्याचा सख्खा भाऊ आहे. सगळ्या चांदण्या एकदम उमलत नाहीत. एकामागून एक उमलत राहतात, त्यामुळे एक गोंडा तीन-चार आठवडे पाहायला मिळतो. शेतकऱ्याला जे नको असते तेच आपल्याला हवे आहे, एवढाच फरक.

कांद्यालाही डेंगळा यायला थंडी लागतेच. पण त्याची मागणी माफक असते. साधारण १० ते १५ अंशांची थंडी काही आठवडे मिळाली तरी त्याचे भागते. नाशिक, पुणे, जालना, बुलढाणा या भागांतली हिवाळ्याची थंडी त्याला आपोआप पुरते, म्हणूनच कांद्याचे बी तिकडे पिकते. आपल्या किनाऱ्यावर काही कांद्यांना डेंगळे येतात, काहींना नाही. ही कसर फ्रिज भरून काढतो, आणि इथे तो खरोखर उपयोगी पडतो.

कांदा कोणता घ्यावा? मध्यम आकाराचा, घट्ट, एकाच डोळ्याचा, कुठेही मऊ न पडलेला. शक्य असल्यास पांढरा घ्यावा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भात निघाल्यावर त्याच खाचरात तो लावतात, आणि काढल्यावर पातीची वेणी घालून त्याच्या माळा रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात. समुद्राकाठच्या दमट हवेत तो पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे, आणि आपली हवा अलिबागहून फार वेगळी नाही. उन्हाळ्यात आणलेली माळ स्वयंपाकघरात टांगलेली असेल आणि पावसाळा काढून त्यातले चार-सहा कांदे टणक राहिले असतील, तर तेच उत्तम. जो कांदा आपल्या घरात चार महिने न सडता टिकला, त्याचेच बी धरावे, हे जुन्या बायकांचे शहाणपण आहे. पांढरा नसेल तर साधा लाल कांदाही चालतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे कांदे कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या सर्वात खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. प्लास्टिकची पिशवी नको, घाम धरतो. बर्फाच्या कप्प्यात तर चुकूनही नको. आणि आपल्या भागासाठी एक खास सूचना: त्या कप्प्यात चिकू किंवा सफरचंद ठेवू नका. डहाणूचा चिकू घराघरांत येतो, पण पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो आणि कांद्याच्या पोटातल्या कोवळ्या फुलाला तो बाधतो. चिकू बाहेर टोपलीत पिकू द्या. सहा ते आठ आठवडे झाले की कांदे बाहेर काढावेत. हिरवा कोंब आला असेल तर घाबरू नये, उलट चांगलेच.

नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावणी. १२ इंची कुंडीत तीन कांदे पुरेत. मातीत आमच्या भागात खरी मेहनत आहे, कारण भातखाचराची माती चिकण असते. पाणी मिळाले की लोणी आणि वाळली की वीट. निम्मी अशी माती, पाव भाग जाडी वाळू, पाव भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट, असे मिश्रण करावे. वाळू नदीची किंवा बांधकामाची घ्यावी. केळव्याच्या किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावरून फुकट आणलेली वाळू खारी असते आणि कांद्याचे मूळ जाळते. कोकोपीट कमीच घालावे, ते पाणी धरून ठेवते. चुलीची राख मिळाली तर मूठभर जरूर घालावी. युरिया नको. त्याने पात तरारते, फूल मागे पडते.

कांद्याचा शेंडा जेमतेम मातीबाहेर दिसेल एवढाच खोल लावावा. (परदेशी जाती मात्र कांद्याच्या उंचीच्या तिप्पट खोल लावतात. दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितले.) ऊन दिवसाचे सहा तास तरी हवे. पाणी बोट मातीत घालून पाहावे आणि वरचा पेर कोरडा लागला तरच द्यावे. गॅलरीत कुंडीखाली ताटली ठेवावीच लागते, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचे पाणी ठिबकते, आणि शेजाऱ्याचा हक्क फुलापेक्षा मोठा. पण त्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवली की दोन्ही कामे होतात.

जानेवारीत दांडी दिसू लागते. टोकाला पातळ पांढुरक्या पदराची टोपी असते. फेब्रुवारीत ती फाटते आणि गोंडा उघडतो. वाऱ्याच्या बाजूची गॅलरी असेल तर दांडी मोडते, कारण ती पोकळ असते. आधीच एक काडी रोवून सैल बांधावी. पानांवर बारीक रुपेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. निमतेल पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. जांभळट डाग पडून शेंडे वाळू लागले तर तो करपा. ती पाने कापून टाकावीत आणि पानांवर पाणी मारणे बंद करावे. गोंडा उमलल्यावर मात्र त्यावर कसलीही फवारणी नको. कांद्याच्या फुलाला मधमाश्या लोटतात, आणि त्यांच्याशिवाय बी धरत नाही.

वासाबद्दल अनेक घरांतून विचारणा होते, आणि ती साहजिक आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत जाऊ नये, ही शिकवण आपल्या मुलांना लहानपणीच मिळते. मग नमाजच्या जागेजवळच्या खिडकीत ही कुंडी ठेवावी का, असा प्रश्न पडतो. मसला सांगणे हे आमचे काम नव्हे. वासापुरते सांगतो. उभ्या झाडाला हात लावला नाही तर कांद्याचा वास जवळजवळ येत नाही. पान चुरडले किंवा दांडी कापली की येतो. म्हणून हे फूल फुलदाणीपेक्षा कुंडीतच शोभते. फुलदाणीत ठेवायचेच असेल तर रोज पाणी बदलावे.

कांदा एकदाच फुलतो. वर्षानुवर्षे टिकेल असे काही हवे असेल तर लसणी पातीचे झाड लावावे. चपटी, गडद हिरवी पाने, लसणाचा सौम्य वास, आणि पांढऱ्या चांदण्यांचा छोटा, वरून सपाट गोंडा. मणिपूरमध्ये याला मरोई नाकुप्पी म्हणतात आणि तिथल्या स्वयंपाकात ते रोजचे आहे. याला फुलायला कडक थंडीची गरज नाही, हाच त्याचा मोठा गुण. बी ताजे असावे, जुने उगवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरले की दोन-तीन आठवड्यांत सुईसारखे कोंब येतात. पहिले वर्ष पाने खुडण्याची घाई करू नये. पुढे झुबका दाट झाला की उपटून दोन-चार भाग करून लावावेत, एक भाग नणंदेला, एक शेजारी. पाने खिम्यात, आम्लेटमध्ये, अंड्याच्या भुर्जीत फार चांगली लागतात. पावसाळ्यात कुंडी छपराखाली सरकवावी. हे एवढे सोडले तर त्याचे लाड काहीच नाहीत.

आणि ज्यांचे मन जांभळ्या रंगावरच अडले आहे त्यांच्यासाठी एक आफ्रिकी पाहुणी आहे, तुलबाघिया. रोपवाटिकांत ती ‘सोसायटी गार्लिक’ या नावाने मिळते. ती खरी ॲलियम नव्हे, पण जवळच्याच नात्यातली. पानांना लसणाचा वास, फुले फिकट जांभळी, गुच्छ लहान आणि सुटसुटीत. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. कोकणातून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केपटाऊनला गेलेली मुस्लिम कुटुंबे आहेत, त्यांच्या नातलगांनी हे वाचले तर त्यांनी तिकडे विचारावे. तिथे ती रस्त्याच्या कडेलाही लावलेली असते. आपल्याकडे भरपूर ऊन, निचऱ्याची माती आणि पावसात आडोसा, एवढे तिला पुरते.

आता जे सांगायचे आहे ते घरात लहान मुले असणाऱ्यांनी दोनदा वाचावे. कांद्यासारखे दिसणारे सगळेच कांदे खायचे नसतात. पावसाळी लिली, स्पायडर लिली यांचे गड्डे हुबेहूब छोट्या कांद्यासारखे असतात आणि पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. डोंगरात पहिल्या पावसाआधी फुलणारा रानकांदा तर हृदयावर परिणाम करणारा विषारी आहे. ओळख सोपी आहे: गड्डा कापून हुंगावा. कांदा-लसणाचा वास नसेल तर तो ॲलियम नव्हे आणि स्वयंपाकघरात त्याचे काम नाही. वास असला तरी शोभेसाठी विकत आणलेला कांदा खाऊ नये, कारण त्यावर बुरशीनाशक लावलेले असते. फ्रिजमध्ये लावणीचे गड्डे ठेवताना पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. दुपारी घाईत कालवणाला कांदा शोधणारा हात पिशवी उघडून पाहत बसत नाही.

आपल्याकडे मांजर पाळणारी घरे पुष्कळ. मांजराला कांदा-लसणाच्या कुळातले काहीच देऊ नये. त्याने तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हा त्रास चार-पाच दिवसांनी दिसतो, तोवर कारण विसरलेले असते. उरलेले कालवण, कांदा घातलेला खिमा, सगळे यात आले. कुंडीतली पात खायची सवय असलेले मांजर असेल तर कुंडी उंच टांगावी. फुलवाल्याकडच्या मोठ्या सुवासिक लिलीचे फूल मात्र मांजराच्या घरात आणूच नये. तिच्या परागांनीही मांजराचे मूत्रपिंड निकामी होते.

परदेशात, थंड शहरांत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा जांभळा गोळा मुळीच अवघड नाही. त्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी कांदे लावावेत आणि विसरून जावे. मे-जूनमध्ये फूल येते. फूल उमलायच्या सुमारास खालची पाने पिवळी पडतात. ती कुरूप दिसतात म्हणून कापू नयेत, पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांतूनच कांद्यात उतरत असते. पानांपुढे एखादे पसरणारे झाड लावले की दृष्टीआड होतात.

आपल्या कुंडीतल्या गोंड्याकडे परत येऊ. मार्च सरताना चांदण्या गळतात आणि त्यांच्या जागी छोट्या तिधारी बोंडी धरतात. एप्रिलमध्ये त्या तडकून आत काळे बी दिसू लागले, की सकाळच्या दवात गोंडा वीतभर दांडीसह कापावा. दुपारी कापला तर बी उधळते. कागदी पिशवीत उलटा टांगून आठवडाभर सावलीत वाळवावा, मग तळहातांवर चोळून फुंकर मारावी. कांद्याचे बी फार दिवस जगत नाही, दमट हवेत तर वर्षभरात निकामी होते. म्हणून ते काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, कापडात बांधलेल्या चमचाभर भाजलेल्या तांदळासोबत ठेवावे आणि येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पेरावे. बाजारातला संकरित कांदा लावला असेल तर त्याच्या बियापासून तसाच कांदा येईल याची खात्री नसते, गावठी पांढऱ्याचे तसे नाही. बाटलीवर कांद्याचे नाव, महिना आणि वर्ष लिहायला विसरू नका.